मदत हवी आहे : पेठेतल्या गल्लीत, दुचाकींच्या वर्दळीत गाडी समांतर कशी लावायची?

नवी_चालक
नमस्कार. सदाशिव पेठेतली गल्ली, रुंदी साधारण ६ मीटर. गाडी वॅगन आर, मॅन्युअल. मागे सेन्सर आहे, कॅमेरा नाही. अडचणी अशा :
रिव्हर्सने लावताना एकतर मागचं डावं चाक फूटपाथच्या कडेला घासतं, नाहीतर गाडी दोन फूट बाहेर राहते. स्टिअरिंग कापायला घेतलं की नेमकी तेव्हाच उजवीकडून दुचाकी पुढे घुसते. आणि लावून झाल्यावर दार उघडायची धास्ती वाटते.
पी-१, पी-२ च्या पाट्या नेमक्या कशा वाचायच्या तेही सांगा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गिअरवाला
आधी जागा मोजायला शिका. वॅगन आरची लांबी ३६५५ मिमी, म्हणजे १२ फूट. मोकळी जागा १८ फूट असेल तर निवांत बसते. त्याहून कमी असेल तर सुरुवातीला नादी लागू नका, पुढे जा.

डावा इंडिकेटर द्या आणि पुढच्या उभ्या गाडीला समांतर थांबा. दोन्हींमध्ये दोन-अडीच फूट अंतर, मागचे बंपर एका रेषेत. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापून क्लचवर अगदी सावकाश मागे या. उजव्या आरशात मागच्या गाडीचं तोंड पूर्ण दिसलं, दोन्ही हेडलाइट दिसले, की थांबा. चाकं सरळ करा आणि तशाच तिरक्या गाडीने मागे या. तुमच्या पुढच्या बंपरचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून सुटला की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे. गाडी आपोआप आत बसते.

चाक घासतं, कारण तिरकी गाडी सरळ चाकांनी गरजेपेक्षा जास्त मागे जाते. गाडी बाहेर राहते, कारण चाकं लवकर सरळ केली जातात किंवा सुरुवातच पुढच्या गाडीपासून चार फुटांवरून झालेली असते. चुकलं तर जागच्या जागी स्टिअरिंग कापत बसू नका. पूर्ण बाहेर या आणि पहिल्यापासून लावा, ते लवकर होतं.

डावा आरसा थोडा खाली झुकवून ठेवा. मागचं चाक आणि फूटपाथची कड एकत्र दिसायला हवी. शेवटी अंतर अर्धा ते एक फूट पुरेसं आहे.

दोनचाकी
वरची पद्धत बरोबर आहे, पण पेठेत खरा धोका मागच्या चाकाला नाही, पुढच्या उजव्या कोपऱ्याला आहे. पूर्ण डावीकडे कापून रिव्हर्स घेतली की मागचा भाग आत जातो आणि नाक रस्त्यावर येतं. तुमच्या गाडीचं नाक मूळ रेषेपेक्षा साधारण तीन फूट उजवीकडे फेकलं जातं. उजवीकडून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला गाडी थांबलेली दिसते. तो तुमच्या आरशाला चिकटून जातो आणि नाक त्याच्या अंगावर येतं. तो घुसलेला नसतो, त्याच्या लेखी तिथे जागा होती.

मागचा सेन्सर इथे काही सांगत नाही, त्याचं लक्ष मागच्या बंपरपुरतं. म्हणून स्टिअरिंगला हात लावण्याआधी उजवा आरसा बघा, मग मान वळवून उजव्या खांद्यावरून बघा. रांग चालू असेल तर ती जाऊ द्या. इंडिकेटर आणि रिव्हर्सचा पांढरा दिवा दोन-तीन सेकंद चालू ठेवून थांबलात की मागचे समजतात.

चारही इंडिकेटर लावू नका. बरेच जण लावतात, पण त्यातून गाडी कुठल्या बाजूला वळणार हेच कळत नाही.

आता दार. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणजे दार थेट वाहतुकीत उघडतं. ते डाव्या हाताने उघडा. डावा हात उजव्या दारापर्यंत न्यायला खांदा फिरतो, खांद्याबरोबर मान फिरते, आणि आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यातली दुचाकी दिसते. उजव्या हाताने उघडलंत तर मान समोरच राहते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून हाच सल्ला आहे, दाराच्या विरुद्ध बाजूच्या हाताने उघडा म्हणून. आधी दार चार बोटं उघडून धरा, पुन्हा बघा, मग उतरा. ताशी ३० किमीने येणारी दुचाकी एका सेकंदात आठ मीटरहून जास्त अंतर कापते. आरशात एकदा बघून पाकीट, मोबाइल गोळा करत बसलात तर ते बघणं शिळं झालं, परत बघा.

मागे बसलेल्यांचं दार जास्त घातक, कारण त्यांना आरसाच नसतो. मागच्या उजव्या दाराच्या कडेला, कुलपाजवळ, चाइल्ड लॉकची छोटी कळ असते. ती कायमची लावून टाका. सगळे डावीकडून उतरतील. डावीकडेही फूटपाथवरचा माणूस बघूनच दार उघडायचं, हे सांगून ठेवा.

नवी_चालक
खूप उपयोगी, दोघांचे आभार. नाक बाहेर येतं हे ध्यानातच आलं नव्हतं. चढावर लावायची वेळ आली तर? आणि पाट्यांचं राहिलं.

पेठकर
पी-१ म्हणजे विषम तारखेला त्या बाजूला लावायची, पी-२ म्हणजे सम तारखेला. ३१ आणि १ दोन्ही विषम, त्यामुळे महिना बदलताना दोन दिवस बाजू तीच राहते. इथे बरेच जण फसतात. तारीख रात्री बाराला बदलते, म्हणून रात्रभर ठेवायची असेल तर उद्याची बाजू धरा. पाटीवर वेळ लिहिली असेल तर तीही वाचा.

एकच बाजू का, ते मोजून बघा ताई. गाडी १.६२ मीटर रुंद, फूटपाथपासून ३० सेंटिमीटर सोडले तर १.९२. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की ६ मीटरमधले जेमतेम २.१६ उरतात. नियमांनुसार मोठं वाहन २.६ मीटरपर्यंत रुंद असू शकतं. म्हणजे अग्निशमनचा बंब आत येतच नाही. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून समोर लावलेली गाडी त्या दोन मिनिटांपुरती अख्खी गल्ली बंद करते. मला याचा मनापासून राग येतो.

चौकाच्या तोंडाशी, वळणावर, बसथांब्यापाशी, कुणाच्या फाटकासमोर, फूटपाथवर लावू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ मध्ये धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडण्याला मनाई आहे. कलम १२६ सांगतं, चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. गाडी सुरू ठेवून दुकानात शिरणं त्यातच येतं.

गिअरवाला
चढाचं : तोंड चढाकडे असेल आणि डावीकडे फूटपाथची उंच कड असेल तर पुढची चाकं उजवीकडे वळवून ठेवा. गाडी घरंगळली तर चाक कडेला टेकतं. तोंड उताराकडे असेल तर चाकं डावीकडे. कडच नसेल तर दोन्ही वेळा डावीकडे, म्हणजे गाडी सुटली तरी रस्त्यात येणार नाही. हँडब्रेक ओढून चढाला पहिला गिअर, उताराला रिव्हर्स गिअर टाका.

दोनचाकी
बाहेर काढण्याचंही सांगतो. तुमच्या पुढे-मागे तिरक्या दुचाकी लागतात, आणि त्यांचं हँडल सेन्सरला दरवेळी सापडतंच असं नाही. बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. शक्य तितकं मागे या, उजवा इंडिकेटर द्या, आरसा आणि खांद्यावरून बघा, मग नाक थोडंसं बाहेर काढून थांबा. मागची दुचाकी हळू झाली की निघा.

दुचाकीवाले हा धागा वाचत असतील तर उभ्या गाड्यांपासून चार फूट लांबून चालवा. नुकतेच विझलेले ब्रेकलाइट, सीटवर दिसणारं डोकं, उजवीकडे वळलेलं पुढचं चाक, यांतलं काहीही दिसलं की वेग कमी करा आणि ब्रेकवर बोटं ठेवा.