जमैकाच्या मरून लोकांनी १७३९ ला इंग्रजांशी तह केला, तो बरोबर होता का?

रानवाट:
मरूनबद्दल जिथे वाचावं तिथे एकच गोष्ट, उसाच्या मळ्यांवरून पळालेले गुलाम डोंगरात राहिले, इंग्रज फौजेला वर्षानुवर्षं दमवलं आणि शेवटी इंग्रजांनाच नमतं घ्यावं लागलं. खरंच आहे ते. पण मरूनच्या सरदाराने, कुजोने, त्या तहात काय कबूल केलं ते कुणी धड सांगत नाही. स्वातंत्र्य मिळालं, १५०० एकर जमीन मिळाली आणि बदल्यात काय, तर यापुढे जो गुलाम पळून डोंगरात येईल त्याला पकडून मालकाकडे परत द्यायचं आणि कुठे बंड झालं तर इंग्रजांच्या बाजूने लढायचं. म्हणजे ज्या वाटेने आपण सुटलो त्याच वाटेवर आपणच पहारा द्यायचा. आणि हे कागदावर राहिलं नाही हो, १७६० मध्ये टॅकी नावाच्या गुलामाचं बंड झालं तेव्हा टॅकीला गोळी घातली ती मरून नेमबाजानेच. १८६५ ला मोरंट बेच्या उठावानंतर त्याचा पुढारी पॉल बोगलला पकडून दिलं तेही मरूननीच, तेव्हा तर गुलामगिरी जाऊन २७ वर्षं झाली होती. शौर्य मान्य आहे मला, पण याला प्रतिकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घाटमाथा:
अजिबात पटलं नाही. तुम्ही आजचा न्याय तेव्हाच्या माणसांना लावताय. १७३४ मध्ये इंग्रजांनी मरूनची नॅनी टाउन ही वस्ती घेतली होती, लोक पोरंबाळं घेऊन रानात फिरत होते, पेरलेलं शेत जाळलं जायचं. अशा वेळी समोरचा म्हणतो लढाई थांबवू, जमीन देतो, तर सरदाराने आधी आपली पोरं बघायची का खाली मळ्यावर असलेली माणसं? शिवाय 'आपण सगळे काळे एक' ही भावना तेव्हा होती हे कशावरून? काळा ही जात मळेवाल्यांनी ठरवली, बोटीत घातलेली माणसं वेगवेगळ्या मुलखांतली, वेगवेगळ्या भाषांची होती. कुजोची माणसं म्हणजे त्याच्या वस्तीतली माणसं, बस.

रानवाट:
घाटमाथा, वेगवेगळे मुलूख म्हणता तर टॅकी कुठला होता ते बघा की. तोही कोरोमंटीच, म्हणजे आजच्या घानाच्या किनाऱ्याकडचा अकान जमातीचा, आणि मरूनच्या देवकार्यात जी क्रोमंटी भाषा आहे तिचं मूळही अकानच. म्हणजे मारला तो परका नव्हता. पोराबाळांचा मुद्दा मान्य, जमीन घ्या, लढाई थांबवा, माझं काहीच म्हणणं नाही. पळून आलेल्याला परत देणं हे कलम मात्र मला गिळता येत नाही.

केवडा:
मी दुसऱ्या बाजूने बोलते. तो तह झाला नसता तर ती क्रोमंटी तरी उरली असती का? मळ्यावर ढोल वाजवायलाही बंदी घातली जायची. डोंगरात मात्र आबेंग राहिलं, म्हणजे गाईचं शिंग, त्यावर फुंकून मैलोन्‌मैल निरोप जायचा, आणि त्या आवाजाचा अर्थ इंग्रजांना लागायचा नाही. मूर टाउन या मरून गावाचा हा सगळा वारसा युनेस्कोच्या यादीत आहे. अकॉम्पाँग या दुसऱ्या मरून गावाला अजून दर ६ जानेवारीला किंडा नावाच्या आंब्याखाली लोक जमतात. तीनशे वर्षांनी कुणाला आपली पूर्वजांची बोली ऐकू येते ही काय लहान गोष्ट आहे का रानवाट? आणि मरूनची पुढारी नॅनी जमैकाच्या ५०० च्या नोटेवर आहे, तीही राष्ट्रीय वीर आणि बोगलही राष्ट्रीय वीर. तिथल्या लोकांनी दोघांनाही आपलं म्हटलंय, आपण लांब बसून एकाला खाली कशाला ढकलायचं.

जुनाबाजार:
आपल्याकडचं उदाहरण देतो. मलिक अंबर इथिओपियातून विकला गेला आणि अहमदनगरला त्याला विकत घेणारा चेंगीझ खान स्वतःच आधी हबशी गुलाम होता. सुटलेला माणूस दुसऱ्याला विकत घेतो, हे दख्खनमध्ये नेहमीचं होतं. त्या काळी सुटका ही आपापली असायची, सगळ्यांची मिळून नसायची. म्हणून मी घाटमाथाच्या बाजूने.

रानवाट:
जुनाबाजार, दख्खनमधला गुलाम वजीर होऊ शकत होता, अंबर झालाच. जमैकातला उसाच्या चरकात मरायचा. परत देणं म्हणजे कुठे परत देणं, ते बघूनच बोलावं लागेल ना.

पाणवठा:
मला वाटतं तहाचा हिशोब पुढे बघितल्याशिवाय कळत नाही. १७९५ ला मॉन्टेगो बेमध्ये डुकरं चोरल्याच्या आरोपावरून ट्रेलॉनी टाउनच्या दोन मरूनना चाबकाने फोडलं आणि तो चाबूक दिला एका गुलामाच्या हातात. तो अपमान सहन झाला नाही, युद्ध पेटलं, इंग्रजांनी क्युबातून शिकारी कुत्री आणली. अकॉम्पाँगवाले मरून तेव्हा इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. शरण या, बेटाबाहेर पाठवणार नाही असा शब्द देऊन साडेपाचशेवर माणसं जहाजात घालून कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या थंडीत नेऊन टाकली. तिथून १८०० ला पश्चिम आफ्रिकेतलं सिएरा लिओन. आणि तिथे उतरल्यावर पहिलं काम काय, तर आधी स्थायिक झालेल्या काळ्या लोकांचं बंड मोडायचं. म्हणजे पुन्हा तेच कलम.

केवडा:
हे सिएरा लिओनचं मला माहीत नव्हतं. त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, कारण हातात बंदुकीशिवाय दुसरं कामच कुणी ठेवलं नव्हतं. तरी आबेंगबद्दल बोलले ते मागे घेत नाही.

रानवाट:
घेऊही नका. आबेंग माझंही आवडतं आहे. फक्त ते ऐकताना मला खालून धावत वर येणारा, हे शिंग आपल्याला बोलावतंय असं समजणारा माणूस दिसतो, आणि वर त्याला धरून बांधायला बसलेली माणसं दिसतात.