सॅक्सन-डेन काळातल्या कादंबऱ्या: नावं, नकाशा आणि लढायांचे आकडे कसे लावायचे?

पानोपानी:
नवव्या शतकातल्या इंग्लंडमधला सॅक्सन राजा आल्फ्रेड आणि समुद्रापलीकडून आलेले डेन (व्हायकिंग) यांच्या संघर्षावरच्या कादंबऱ्यांची चांगलीच गोडी लागली आहे, पण तीन ठिकाणी अडतं. निम्मी पात्रं 'एथेल'ने सुरू होतात. कोण का कुठे चाललंय ते नकाशा बघूनही कळत नाही. आणि सैन्य कुठे पाचशेचं, कुठे पाच हजारांचं. खरं किती धरायचं?

तळटीप:
आधी वेसेक्सच्या, म्हणजे आल्फ्रेडच्या दक्षिण इंग्लंडमधल्या राज्याच्या, घराण्याची वंशावळ कागदावर काढा. राजा एथेलवुल्फला पाच मुलगे. थोरला एथेलस्टन बापाच्या आधीच गेला. उरलेले चौघे ओळीने गादीवर आले: एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि 871 मध्ये आल्फ्रेड. एथेलरेडची मुलं लहान होती आणि डेन दारात उभे होते, म्हणून गादी धाकट्या भावाकडे गेली. त्यातलाच एक मुलगा एथेलवोल्ड. 899 मध्ये आल्फ्रेड वारल्यावर तो बंड करून डेनांना मिळाला. कादंबरीत हा आधीपासूनच धुसफुसताना दिसतो, त्याचं मूळ हे.

प्रत्येक नावापुढे राज्य लिहाच. आल्फ्रेडचा भाऊ एथेलरेड वेगळा आणि जावई एथेलरेड वेगळा. जावई मर्सियाचा (मध्य इंग्लंडमधलं राज्य), आल्फ्रेडची मुलगी एथेलफ्लेड हिचा नवरा. त्यात डेन राजा गुथ्रुमचं बाप्तिस्म्यानंतरचं नावही एथेलस्टन!

नदीकाठ:
नकाशावर गावं शोधण्याआधी नद्या आणि रोमन रस्ते गडद करा. डेनांच्या हिवाळी छावण्या बघा: रेडिंग थेम्सवर, टॉर्क्सी आणि रेप्टन ट्रेंटवर, वेअरहॅम दोन नद्यांच्या बेचक्यात. त्यांच्या जहाजांना फार खोल पाणी लागत नसे, त्यामुळे ती नदीतून आत खोलवर जात. छावणीला एका बाजूने पाणी मिळालं की खंदक-बांध तेवढा कमी घालावा लागे.

आल्फ्रेड-गुथ्रुम तहात ठरलेली दोघांच्या मुलखांमधली हद्दही अशीच आखलेली आहे: थेम्सवरून ली नदी, लीच्या उगमापर्यंत, तिथून सरळ बेडफर्ड, मग ऊझ नदीने वर वॉटलिंग या रोमन रस्त्यापर्यंत. पेन्सिलने ही रेघ ओढून ठेवा. पात्र तिच्या कुठल्या बाजूला आहे ते कळलं की त्याची भीती आणि घाई दोन्ही समजतात.

यॉर्कला सॅक्सन पात्र एओफोरविक म्हणेल, डेन पात्र योर्विक. गाव एकच.

पानोपानी:
वंशावळ काढायला घेतली. आकड्यांचं काय?

ढालकरी:
सॅक्सन राजा इनेच्या कायद्यात 7 पर्यंत माणसं म्हणजे चोर, 7 ते 35 म्हणजे टोळी, आणि त्यापुढे थेट 'सैन्य'. म्हणून 'सैन्य आलं' एवढ्यावरून हजारो डोळ्यांसमोर आणू नका. पण 865 मध्ये उतरलेली डेनांची फौज टोळीएवढीच होती असंही नाही. तिने तीन राज्यं मोडली.

पक्का हिशेब मिळतो तो तटबंदीच्या गावांचा. आल्फ्रेडच्या मुलाच्या काळातल्या यादीत प्रत्येक हाइड (जमिनीचं जुनं माप) जमिनीमागे एक माणूस आणि तटाच्या साडेसोळा फुटांमागे चार माणसं असं प्रमाण आहे. विंचेस्टरला 2,400 हाइड, म्हणजे 2,400 माणसं आणि 9,900 फूट तट. तिथल्या जुन्या रोमन तटाची लांबी याच्या अगदी जवळ आहे. मला तर हा हिशेब कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा थरारक वाटतो.

ढालभिंतीत, म्हणजे ढालीला ढाल भिडवून उभ्या राहिलेल्या रांगेत, मुख्य हत्यार भाला, तलवार पैसेवाल्याची. ढाल गोल, साधारण 80 ते 90 सेंटिमीटर, हलक्या लाकडाची, मधल्या लोखंडी वाटीमागच्या मुठीने धरायची. पट्ट्यांनी कोपरावर बांधलेली ढाल किंवा शिंगांचं शिरस्त्राण आलं की लेखकाचा अभ्यास कच्चा आहे असं खुशाल समजा.

कादंबऱ्या आणखी एका बाबतीत फसवतात. बऱ्याच मोहिमांचा निकाल उपासमार, खंडणी आणि ओलिसांवर लागायचा. 878 मध्ये एडिंग्टनची लढाई जिंकल्यावरही आल्फ्रेडला डेनांच्या गढीला 14 दिवस वेढा घालून बसावं लागलं. भूक आणि थंडीने ते शरण आले.

तळटीप:
एक भर. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल (वर्षवार नोंदींची बखर) 890 च्या दशकात आल्फ्रेडच्या राज्यातच संकलित झालं आणि बिशप ॲसरने त्याचं चरित्र 893 मध्ये लिहिलं. दरबारी बखर वाचताना ठेवतो तीच सावधगिरी इथे ठेवा. क्रॉनिकल मर्सियाच्या दुसऱ्या केओलवुल्फला मूर्ख सरदार म्हणून उडवून लावतं. पण 2015 मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनला सापडलेल्या नाण्यांत आल्फ्रेड आणि केओलवुल्फ या दोघांच्या नावाची एकाच नमुन्याची नाणी आहेत. म्हणजे निदान काही काळ दोघं मित्र असावेत. केओलवुल्फला निव्वळ बाहुलं दाखवणारी कादंबरी हा दरबारी पक्ष जसाच्या तसा उचलते.

तारखांचंही बघा: क्रॉनिकलचं वर्ष त्या काळी शरद ऋतूत सुरू होई. 865 च्या शरदात उतरलेली फौज तिथे 866 खाली सापडते. कादंबरी आणि इतिहासाचं पुस्तक यांत एका वर्षाचा फरक दिसला, तर लेखक चुकला म्हणण्याआधी ऋतू तपासा.