मदत हवी आहे: आईसोबत परदेश प्रवास, दोघींचं मिळून सामान किती आणि कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई आणि मी परदेशात फिरायला जातोय. साधारण दोन आठवडे, तीन शहरं, मधला प्रवास रेल्वेने. तिकडे थंडी असेल. आईचे गुडघे दुखतात, जिना आला की तिला माझा हात लागतोच. म्हणजे माझा एक हात तिच्यासाठी मोकळा हवा. उरलेला हात आणि पाठ यांना जेवढं झेपेल तेवढंच दोघींचं सामान. विमान कंपनी प्रत्येकी २३ किलो न्यायला देतेय, पण रेल्वेच्या डब्यात ते चढवणार कोण?

आधी वाटलं होतं की दोघींना एकेक केबिन बॅग पुरेल. पण आमच्या विमानात तिला ७ किलोची मर्यादा आहे आणि घरातली चाकांची बॅग रिकामीच तीन किलोच्या आसपास भरते! शिवाय दोन बॅगा म्हणजे दोन्ही मलाच ओढायच्या. दुसरा पर्याय म्हणजे दोघींत मिळून एक मध्यम बॅग चेक-इन करायची आणि माझ्या पाठीवर एक सॅक. यातलं काय बरं?

कपड्यांचंही अडतंय. जाड स्वेटर दोन ठेवले की बॅग भरलीच. आईला मधुमेह आहे, ती इन्सुलिन घेते. ते कसं न्यायचं, याची सगळ्यात जास्त काळजी आहे. ज्येष्ठांना घेऊन असा प्रवास केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

एक चेक-इन बॅग आणि एक सॅक, हेच करा. सॅक किलोभराचीच घ्या. मात्र चेक-इनची बॅग वेळेवर पोचेलच असं धरून चालू नका. दोघींचा एकेक पूर्ण जोड, अंतर्वस्त्रं, औषधं, चष्मे आणि कागदपत्रं सॅकमध्येच हवीत. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठीच्या माँट्रियल करारानुसार, बॅग मोडकी मिळाली तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर २१ दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. निघताना बॅगेचा आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, वर्णन सांगताना फार उपयोग होतो.

प्रतिसाद

इन्सुलिन कोणत्याही परिस्थितीत चेक-इन बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात तापमान खूप खाली जाऊ शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. थंड ठेवायच्या पाऊचमध्ये बर्फाच्या पॅकला थेट चिकटणार नाही असं ठेवा. सुया, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावं लिहून घ्या, कारण ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या. जागा वाचवायला सुट्या करून एका डबीत भरल्या तर तपासणीत त्या कसल्या हे कोणाला कळणार?

सर्दीच्या साध्या गोळ्यांकडेही लक्ष द्या. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन (सर्दीच्या काही गोळ्यांतलं चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असलेली औषधं नेता येत नाहीत. तुम्ही जिथे जाताय तिथल्या दूतावासाच्या संकेतस्थळावर यादी तपासा.

द्रवपदार्थांचा १०० मिलीचा नियम २००६ साली आला, लंडनहून निघणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आल्यावर. मोजतात ती बाटलीची क्षमता, आत किती उरलंय ते नव्हे. अर्धी रिकामी २०० मिलीची बाटली काढून घेतात. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्यामुळे सूट आहे, पण वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी होऊ शकते, म्हणून १०० मिली धरूनच भरा. आवश्यक औषधांना या मर्यादेतून सवलत असते; ती वेगळी काढून आधीच दाखवा.

प्रतिसाद

स्वेटर एकच न्या. थंडी एका जाड कपड्याने भागत नाही, थरांनी भागते: अंगालगत पातळ लोकरीचं किंवा थर्मल, वर फ्लीस (हलकं, मऊ, उबदार कृत्रिम कापड), सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. आत गरम असलेल्या इमारतीत शिरलात की एकेक थर काढता येतो, ज्येष्ठांना हे फार सोयीचं पडतं. जॅकेट आणि जड बूट प्रवासात अंगावरच ठेवा. जीन्स नको, वजनदार असते आणि धुतली की लवकर वाळत नाही. मेरिनो लोकर दोन-तीनदा घातली तरी वास धरत नाही. धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबून पिळला की बहुतेक पातळ कपडे रात्रीत वाळतात. चार दिवसांचे कपडे दोन आठवडे पुरतात, हे मी मनापासून सांगते.

प्रतिसाद

पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) सहसा परवानगी लागत नाही. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ७४ वॉट-अवरच्या आसपास येते. फोनच्या चार्जरवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असलं की पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर पुरतो. केस वाळवायचं यंत्र नेऊ नका. बहुतेक यंत्रं एकाच व्होल्टेजची असतात, नुसत्या अ‍ॅडॉप्टरने भागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. इन्सुलिनबद्दल लिहिलंत, तो प्रतिसाद आईलाही वाचून दाखवला. एक बॅग आणि एक सॅक असं ठरलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सामान काढून वजन केलं, तर बॅग १४ किलोच्या आत बसतेय आणि ती मला एका हाताने उचलताही येते. आईनेच तिची जास्तीची शाल बाजूला काढली.

आता बॅग नवी घ्यायची आहे. चार चाकांची सपाट फरशीवर छान सरकते, पण दगडी रस्त्यावर आणि उतारावर दोन मोठ्या चाकांचीच बरी, असं ऐकलंय. रेल्वेने फिरणाऱ्यांचा काय अनुभव आहे?