पुन्हा ठसा मारलेले फ्रेंच एक्यू संग्रहात घ्यावेत का?

मूळ मत
फ्रान्सचा राजा लुई चौदावा याच्या काळातील एक्यू ही चांदीची नाणी जमवणारे बरेच जण जुन्या छापाच्या खुणा दिसणारे नाणे सदोष समजून बाजूला सारतात, हे मला मुळीच पटत नाही. फ्रान्सविरोधी ऑग्सबुर्ग संघाशी युद्ध पेटल्यावर राजाने १६८९ च्या अखेरीस व्हर्सायमधील चांदीचे सामान वितळवायला दिले आणि प्रजेकडील एक्यूही टांकसाळीत मागवून घेतले. ते न वितळवता त्यांच्यावरच नवा ठसा मारण्यात आला. १६४१ मध्ये ६० सूंना (सू हे तेव्हाचे छोटे फ्रेंच चलन) सुरू झालेला एक्यू, चांदी तेवढीच असताना, आता ६६ सूंना चलनात आला आणि वाढीव किमतीचा मोठा हिस्सा खजिन्यात गेला. नव्या ठशातील आठ ‘एल’ अक्षरांच्या आडून राजाच्या केसांची जुनी बट डोकावते, तेव्हा ती या व्यवहाराची साक्षच असते.

प्रतिसाद १
इतिहास मान्य आहे, निष्कर्ष नाही. एक्यूंचे खरे वैभव म्हणजे ठसे कोरणाऱ्या ज्यां वारँ याने आधीच्या नाण्यांसाठी कोरलेले लुई तेराव्याचे मुखचित्र. यंत्रावर पाडलेल्या त्या नाण्यांचा रेखीवपणा पाहिल्यावर दोन छाप एकमेकांवर चढलेले नाणे डोळ्यांना खुपते. शिवाय साल पुसट आणि टांकसाळीचे अक्षर पॅरिसचे ‘ए’ की ल्योंचे ‘डी’ हे ठरत नसेल, तर अशा नाण्याची नोंद तरी काय करायची? ज्याला मोजकीच नाणी परवडतात, त्याने स्पष्ट छापाचेच नाणे घ्यावे.

प्रतिसाद २
स्पष्टतेचा हा आग्रह फार ताणला, तर अस्सल खुणाही दोष ठरतात. ठसा मारण्याआधीची कोरी चकती वजनाला जड भरली की टांकसाळीतच तिच्यावर कानस फिरवून ती २७.४५ ग्रॅमच्या आसपास आणत असत. त्या समांतर रेघा ठशाच्या आधीच्या असल्यामुळे ठशाच्या दाबाने जागोजागी दबून तुटक होतात, तर नंतरचे ओरखडे अक्षरांवरूनही सरळ जातात. भिंग लावून हा फरक पाहण्याआधीच नाणे नाकारणे मला घाईचे वाटते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
साल आणि टांकसाळ वाचता येत नसेल, तर ते नाणे मीही घेत नाही. मात्र वारँ १६७२ मध्ये वारला. १६९० च्या नाण्याला त्याच्या मुखचित्राचे माप लावणे अन्यायाचे आहे. नव्या चकतीवर पाडलेले आठ ‘एल’चे एक्यूही मिळतात. ते जरूर घ्यावेत, पण शेजारी पुन्हा ठसा मारलेला एक ठेवावा, कारण पहिल्यावर राजाचा हुकूम तेवढा दिसतो आणि दुसऱ्यावर तो कोणत्या नाण्यावर बजावला गेला हेही दिसते.