फ्लोरेसच्या गावात समुद्राकाठी जमीन घेऊन राहायला जावं का?

दर्याकाठ:
नमस्कार. मी तीन वर्षांपासून जकार्तात नोकरीला आहे. बायको डिझाइनची कामं घरूनच करते. गेल्या जुलैत इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावर गेलो होतो. तिथल्या मौमेरे शहराच्या पूर्वेला एका गावात चार दिवस राहायचं ठरवून अकरा दिवस राहिलो. मागे नारळी, पुढे समुद्र, संध्याकाळी मासे घेऊन येणाऱ्या होड्या. तेव्हापासून दोघांच्याही डोक्यातून ते गाव जात नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घरमालकाच्या चुलतभावाची वाळूला लागून असलेली जमीन विकायची आहे. परदेशी माणसाच्या नावावर ती होत नाही, म्हणून ऑफिसमधला एक इंडोनेशियन मित्र म्हणतो की माझ्या नावावर घे, आपण आपसात वेगळा करार करू. मालकाकडे दरवर्षी कर भरल्याच्या पावत्या आहेत. हा मार्ग कितपत सुरक्षित आहे? आणि तिथे बारा महिने राहणं कसं असतं? कोणी राहतं का तिकडे?

मौमेरेची_सून:
पैसे दिले नसतील तर देऊ नका. आधी हे वाचा.

मी लग्न होऊन इथे आले त्याला तेरा वर्षं झाली. नवरा इथल्या सिक्का समाजाचा, गाव मौमेरेपासून मोटारसायकलवर पाऊण तास. कदाचित तुम्ही म्हणता त्याच्या शेजारचंच.

तुमचा मित्र प्रामाणिक असेलही, पण त्याने सुचवलेला करार कायद्यापुढे उभाच राहत नाही. १९६० च्या जमीन कायद्यात पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. आडमार्गाने ती परदेशी माणसाकडे पोचवली तर व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. कलम २६ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. मला स्वतःला याचा धडा मिळालाय. आमचं लग्न झालं तेव्हा मालमत्तेचा वेगळा करार केला नव्हता, त्यामुळे नवऱ्याने नंतर घेतलेली जमीन दोघांची ठरणार आणि मी परदेशी म्हणून त्याचाही हक्क अडचणीत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये घटना न्यायालयाने लग्नानंतरही असा करार करायला परवानगी दिली, तेव्हा आम्ही लगेच नोटरीकडे गेलो. आज आमच्या घराखालच्या जमिनीवर माझा काहीही हक्क नाही आणि मी ते समजून इथे राहते.

आता त्या पावत्या. कराची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. सातबाऱ्याइतकंही वजन तिला देऊ नका. जमीन कार्यालयाचं प्रमाणपत्र असलं तरच ती जमीन कागदावर कोणाची तरी आहे. आणि गावात कागदाच्याही आधी घराणं येतं. इथे त्याला ‘लेपो’ म्हणतात. त्याच्यावर ‘ताना पुआन’, म्हणजे भूमीच्या मूळपुरुषाचं मानलेलं घर. चुलतभाऊ म्हणतो जमीन माझी, पण त्याच्या बहिणी, मलेशियात मजुरीला गेलेले भाऊ, त्यांची पोरं या सगळ्यांचा तिच्यावर जीव आहे. माझ्या चुलतसासऱ्यांनी नारळीचा एक तुकडा शहरातल्या माणसाला विकला. त्याने जोतं बांधलं. मग मलेशियातल्या सबाहहून पुतण्या परतला आणि म्हणाला, मला कोणी विचारलं? नऊ वर्षं झाली. जोत्यावर आता आमच्या शेळ्या बसतात आणि दोन घरं एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत.

वाळूला लागून असलेल्या जमिनीबद्दल आणखी एक. भरतीच्या रेषेपासून किमान १०० मीटर किनारपट्टा मोकळा ठेवायचा नियम आहे. इथे तो नियम कोणी सांगावा लागत नाही. १२ डिसेंबर १९९२ ला दुपारी भूकंप झाला आणि पाठोपाठ समुद्र आत आला. फ्लोरेसमध्ये दोन हजारांवर माणसं गेली. नवरा तेव्हा सात वर्षांचा, आजोबांनी हाताला धरून टेकडीवर पळवलं. सासूबाई अजून घरातले सगळे दाखले एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवतात. आमचं घर टेकडीच्या अंगाला आहे. समुद्र दिसतो, तेवढा पुरतो.

राहण्याचं म्हणाल तर तुम्ही जुलै पाहिलात. ऑक्टोबर पाहा. विहीर तळाला जाते, टँकर मागवावा लागतो आणि तो आपल्या सोयीने येतो. वीज आधी पैसे भरून टोकनवर घ्यायची, संपत आली की मीटर टीं टीं करत राहतं. जेवण मात्र मनासारखं: मका, भात, कसावा, ताजी मासळी आणि शेवग्याचा पाला. पाल्याचं ते पातळ पहिल्यांदा पुढे आलं तेव्हा मी परकी नाही असं वाटलं होतं. आजारपणाला गावात सरकारी आरोग्य केंद्र आहे, जास्त काही असलं की मौमेरे. डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही आहेत. कुत्र्यांना हलकं घेऊ नका, फ्लोरेसमध्ये १९९७ पासून रेबीज आहे. चावला तर त्याच दिवशी लस, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये इथला लेवोतोबी ज्वालामुखी फुटला, विमानं रद्द झाली आणि भावाच्या लग्नाला मी पोचू शकले नाही.

खर्च घरापेक्षा नात्यांवर जास्त होतो. मुलांच्या पहिल्या कम्युनियनची (चर्चमधला विधी) जेवणं, मयती, लग्नातला ‘बेलिस’, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायचं वधूमूल्य (त्यात हस्तिदंतसुद्धा लागतो). प्रत्येक ठिकाणी डुक्कर, तांदूळ किंवा पाकीट न्यायचं. आपण नेलं की आपल्याकडेही येतं. नुसतं समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाला गाव फार दिवस आपलं मानत नाही.

पायवाट७:
लोंबोक बेटावर पाच वर्षं होतो. ताईंच्या म्हणण्याला माझा दुजोरा. माझ्या ओळखीच्या जोडप्याने असाच करार केला होता, ज्याच्या नावावर जमीन तो माणूस देवासारखा होता. तो अपघातात गेला. त्याच्या बायकोला कराराची कल्पनाच नव्हती, भावांनी घर रिकामं करायला सांगितलं. दोघं बॅगा घेऊन निघाले. कंपनी काढून हक्क घेता येतो, पण त्यासाठी १० अब्ज रुपियांपेक्षा जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. एका घरासाठी ते कोण करणार?

दर्याकाठ:
दोघांचे आभार. मित्राला आजच नाही म्हणून कळवलं. बायको रडली, खोटं कशाला सांगू. ताई, मग आमच्यासारख्यांनी काहीच करू नये का? आणि नोकरी सोडून आलो तर राहण्याच्या परवान्याचं काय?

मौमेरेची_सून:
तिला म्हणावं, गाव कुठे जात नाही.

परवान्याचं आधी बघा. तुमचा किटास, म्हणजे मुदतीचा राहण्याचा परवाना, कंपनीमुळे आहे, नोकरी गेली की तोही जातो. बाहेरदेशाचं काम इथे बसून करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा निघालाय, पण त्याला वर्षाला ६०,००० डॉलर कमाई दाखवावी लागते. तिची तेवढी आहे का ते बघा. परवाना असेल तर परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो. पण घराची किमान किंमत प्रांतागणिक ठरलेली आहे आणि जमिनीचे कागद पक्के लागतात. गावात तिथेच गाडं अडतं.

म्हणून मी म्हणेन, भाड्याने घ्या. इथे भाड्याला ‘सेवा’ म्हणतात, ऐकून छान वाटतं. टेकडीच्या बाजूचं उभं घर एक वर्षासाठी घ्या, त्यात कोरडा ऑक्टोबर आणि पावसाळी जानेवारी दोन्ही येऊ द्या. मन बसलं तर वीस-पंचवीस वर्षांचा करार करा: नोटरीसमोर, प्रमाणपत्र जमीन कार्यालयात तपासून, मालकाच्या सगळ्या भावंडांच्या सह्या घेऊन. मलेशियातल्या भावाचीसुद्धा. मालक मेला तर वारसांवर करार बंधनकारक राहील हे वाक्य त्यात असू द्या. भाड्यावरचा १० टक्के कर कोण भरणार तेही लिहा, नाहीतर त्यावरून कटकट होते.

आणि पैशाचं बोलणं काढण्याआधी ताना पुआनच्या घरी जाऊन या. मी घेऊन जाईन. हातात पानसुपारी लागते, ती मी इथेच बाजारातून घेऊन ठेवते. तुम्ही फक्त तिला सोबत आणा. सासूबाई बायकांशी आधी बोलतात.