तारेनं अडवलेली वाट : रानात फिरायचा हक्क सगळ्यांना हवा का?

मलप्रभाकाठ
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं आमच्या गावातून ओढ्यावर उतरणारी पायवाट यंदा बंद झाली. जमीन घेतलेल्या नव्या मालकानं तार ओढली, फाटकाला कुलूप लावलं. आज्जी याच वाटेनं म्हशी घेऊन जायची, आम्ही करवंदांना जायचो. फार लागलं मनाला.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं डोंगर, रान, नदीकाठ कुणाच्याही मालकीचा असो, जबाबदारीनं चालत जायचा हक्क दिलाय. उभं पीक आणि घराभोवतालचं अंगण वगळलंय. इंग्लंडमध्ये १९३२ साली कामगार पोरं किंडर स्काउटच्या डोंगरावर मालकाला न विचारता चढली, पाच जण तुरुंगात गेले. डोंगरमाळावर फिरण्याचा कायदा तिथं २००० साली झाला. मालकी मालकाचीच राहू दे. आपल्याकडंही असा कायदा हवा असं माझं ठाम मत आहे.

खाचरवाला
जुलैत आमच्याकडं येऊन बघा की ओ. रविवारी धबधब्याला गाड्या येतात आणि बांधावरून चालायची सवय नसलेली माणसं लावलेल्या रोपातनं जातात. गेल्या साली गाईच्या खुरात बाटलीची काच गेली, ती पुढं नांगरालाही नाही आणि दुधालाही नाही. उभं पीक वगळलं म्हणता, पण भात कापलं की त्याच ओलीवर आम्ही मसूर टाकतो. उगवेपर्यंत बाहेरच्याला ती पडीक जमीनच दिसणार. दीड एकरावर घर चालतंय आमचं. माझा पूर्ण विरोध.

मलप्रभाकाठ
दादा, मसुराचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खाचरं बाराही महिने वगळूया. माळ, डोंगर आणि ओढ्याच्या वाटा तरी?

रानपाखरू
डोंगरसुद्धा नको. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. गुहेत टोळकी बॅटऱ्या घेऊन शिरली तर ते टिकायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात शिरायला परवाना लागतो, तो लागायलाच हवा.

गवळीवाडा
तुम्ही परवाना काढून येता आणि संध्याकाळी बेळगावला परत जाता. आम्ही आत राहतो. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये आत जमीन असलेल्याला आणि सार्वजनिक रस्त्यानं जाणाऱ्याला मुभा आहे. पण आमची पायवाट सार्वजनिक आहे असं लिहून कोण देणार? पावसात आजारी माणसाला खाटेवर घालून, ओढे ओलांडत आणावं लागतं. आधी आमच्या येण्याजाण्याच्या वाटेचं बोला. फिरायला येणाऱ्यांचं नंतर बघू.

वहिवाट
धागा काढणाऱ्यासाठी एक. १८८२ च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतनं जाण्यासारख्या हक्कांच्या) कायद्यात वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापरलेल्या वाटेला हक्क मिळतो. पण तो शेजारच्या जमिनीला चिकटलेला असतो, बेळगावच्या टिळकवाडीतून फिरायला आलेल्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी गावनकाशा बघा. त्यात कालुदारी, म्हणजे पायवाट, दाखवलेली असेल तर नक्कल जोडून तहसीलदारांकडं अर्ज द्या. नव्या कायद्याची वाट बघत बसू नका.

खाचरवाला
हे पटलं. नकाशावर वाट असेल तर अर्जावर पहिली सही माझी घ्या. माझ्या बांधावरनं दोन घरं आज्ज्याच्या काळापासून नदीला जातात, कधी अडवलं नाही. ती माणसं मला ठाऊक आहेत, रोप कुठं आहे ते त्यांना ठाऊक आहे.

मलप्रभाकाठ
सोमवारी खानापूरला जाऊन नक्कल काढतो. गवळीवाड्याचं म्हणणं आधी यायला हवं होतं, तेही मान्य. तरी गायरान आणि उघडे माळ सगळ्यांना मोकळे असावेत, ही मागणी मी सोडत नाही. शहरातल्या पोरानं ओढा बघायचाच नाही का?

खाचरवाला
बघू दे, वाटेवरनं. गायरानात आमची गुरं चरतात, तिथं गाड्या नकोत.