शेजाऱ्याची बाग वाचली ती कृपा, मग आमची पडली ते काय?

प्रश्न : तापीकाठची सून (रावेर तालुका)

नमस्कार. जूनमधल्या वादळात आमची निसवलेली केळीबाग आडवी झाली. घड कापणीला आले होते, व्यापाऱ्याशी बोलणेही झाले होते; सकाळी जाऊन पाहिले तर झाडे मधोमध मोडून घडांसह चिखलात पडलेली. त्याआधी उन्हाळ्यातच सासरे गेले. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. यंदा जाऊबाईंचा हात सवयीने त्यांच्या नावासाठीही पाटीत गेला आणि तसाच थांबला.

आमच्या बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यांची बाग मात्र वाचली. ते हात जोडून म्हणाले, ‘देवाची कृपा.’ त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही, पण त्यांची बाग वाचणे ही कृपा असेल तर आमच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. मी रोज हरिपाठ म्हणते, श्रद्धा सुटलेली नाही. परंतु ‘देव परीक्षा पाहतो’ हे आता ऐकवत नाही. संकटात कृपेचा आधार वाटला असे जे म्हणतात, त्यांना नेमके काय जाणवते?

उत्तर : जुना मास्तर (अमळनेर)

ताई, ती ‘परीक्षा’ मलाही कधी पटलेली नाही. तुकोबांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकानदारी बुडाली. पुढे त्यांनीच ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे’ असे म्हटले, आणि कीर्तनात तो अभंग निघाला की आपण सारे माना डोलावतो. पण हे उद्गार ज्याचे दिवाळे निघाले त्याचे स्वतःचे आहेत. दुसऱ्या कोणी त्यांच्या ओसरीवर येऊन हेच ऐकवले असते, तर तो निव्वळ निष्ठुरपणा झाला असता. शिवाय परंपरा असे सांगते की भावाशी वाटणी करून आपल्या हिश्श्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, म्हणजे ज्या दुष्काळाने त्यांना नागवले, त्याच दुष्काळात होरपळलेल्या कुळांची देणी त्यांनी सोडून दिली. दुष्काळाला मी कृपा म्हणणार नाही. एवढे सोसूनही त्यांचे मन कडवट झाले नाही, उलट दुसऱ्यासाठी पाझरले, ते मात्र माणसाच्या एकट्याच्या बळाने होत नसावे असे मला वाटते. बाग पडली की वाचली, हे कृपेच्या खात्यात मांडूच नये. वारा कोणत्या बांधावरून वळला, एवढाच तो प्रश्न.

उत्तर : यावलकर

गुरुजींचे म्हणणे मान्य, पण ताई, पंचनामा झाला का? हवामान आधारित फळपीक विमा काढलेला असेल तर वाऱ्याने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते, आणि आपल्याकडे नेमका त्याच वेळी घरातला कर्ता माणूस सुन्न होऊन ओट्यावर बसलेला असतो. देवावर भार टाकला म्हणून तलाठ्याकडे जायचे नाही असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. थोडे कडक लिहिले. राग मानू नये.

उत्तर : कोथळीची लेक (मुक्ताईनगर)

आमच्या मुक्ताईचेच पाहा. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, चारही भावंडे पोरकी आणि समाजाने दूर लोटलेली. लोकांच्या बोलण्याने उद्विग्न होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांना समजावले. लोक असे का वागले याचा उलगडा करण्यात ती वेळ घालवत नाही. ताटी उघडा, एवढेच पुनःपुन्हा विनवते. ज्यांना आपण माउली म्हणतो, त्यांनाही त्या दिवशी आधार मिळाला तो दाराबाहेरच्या माणसाकडून. आणि हीच मुक्ताई १२९७ मध्ये आमच्या तापीकाठी विजेच्या कडकडाटात लुप्त झाली, असे परंपरा मानते. तिच्यावर देवाची कृपा नव्हती असे आमच्याकडे कोणाच्या मनातही येत नाही. तिची पालखी दरवर्षी इथूनच पायी पंढरपूरला जाते.

तुम्ही ‘नेमके काय जाणवते’ असे विचारले आहे, म्हणून सांगते. माझे यजमान गेले त्या वर्षी कपाशी फुटून शेतात उभी होती आणि मला घराबाहेर पडवत नव्हते. भाऊबंदांच्या बायकांनी स्वतःची वेचणी मागे ठेवून माझी वेचली आणि गाठोडी ओसरीवर आणून टाकली. कोणी उपदेश केला नाही. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली. दुःख तेवढेच होते, फक्त आपण टाकून दिलेले नाही आहोत, असे वाटले.

प्रश्नकर्ती : तापीकाठची सून

सर्वांचे आभार. यावलकर दादा, पंचनामा झाला आहे. विम्याची सूचनाही दिरांनी वेळेत दिली होती. एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती. मोडलेली झाडे बाहेर काढण्यासाठी त्याच शेजाऱ्यांनी आपला ट्रॅक्टर पाठवला आणि डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. तेव्हा मला त्यांचे उपकार नको वाटत होते. कोथळीच्या ताईंचे वाचल्यावर त्या ट्रॅक्टरकडे थोडे वेगळे पाहता येते आहे, पूर्णपणे नाही. सासऱ्यांबद्दलचा माझा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची घाई इथे कोणी केली नाही, हे मला बरे वाटले.